खाटेपासून खाटेपर्यंत : ठाण्याहून दिल्लीला हवाईमार्गे हलवलेल्या एका जवानाचे प्रकरण

गणपतीसाठी रजेवर आलेला ३४ वर्षांचा, नाईक हुद्द्याचा एक जवान. मूळचा मुरबाड तालुक्यातला, बिऱ्हाड ठाण्यात, तैनाती ईशान्येत. घरी आल्यावर चार दिवसांनी डोळे पिवळे झाले, जेवण तुटले. शनिवारी रात्री उलट्या थांबेनात म्हणून घरच्यांनी त्याला माजिवड्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात नेले. रविवारी सकाळी तो बायकोला ओळखेना. दुपारी बाराच्या सुमारास त्याच्या घशात नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. निदान होते हिपॅटायटिस ए आणि त्यामुळे तडकाफडकी निकामी झालेले यकृत.

पावसाळ्याच्या अखेरीस ठाणे-कल्याण पट्ट्यात कावीळ नवी नाही. बहुतेक जण पथ्य आणि विश्रांतीवर बरे होतात. हजारात एखाद्याचे यकृत असे कोसळते आणि मग प्रश्न दिवसांचा नसतो, तासांचा असतो. यकृत स्वतःहून सावरले नाही तर प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. सेवेतल्या जवानासाठी ती सोय दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या लष्कराच्या रिसर्च अँड रेफरल रुग्णालयात आहे. म्हणून त्याला विमानाने दिल्लीला न्यायचे ठरले.

मी सैन्यदलाच्या परिचर्या सेवेत होते. निवृत्तीनंतर ठाण्यातच राहते आणि रुग्णालयांना गंभीर रुग्णांच्या स्थलांतरासाठी सल्ला देते. या प्रकरणात रविवारी संध्याकाळपासून मी होते. माणसांची आणि ठाण्यातल्या रुग्णालयाची ओळख मुद्दाम दिलेली नाही. दोष शोधून कुणाला टांगायचे नाही, पण काय चुकत होते आणि काय वेळेवर सुधारले ते तपशिलात लिहिल्याशिवाय पुढच्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही.

वाया गेलेली दुपार

दिल्लीला हलवावे लागेल, हे आयसीयूच्या डॉक्टरांच्या लक्षात रविवारी दुपारी एकलाच आले होते. प्रत्यक्षात विमानाची विनंती योग्य माणसापर्यंत पोचायला संध्याकाळचे साडेसात वाजले. मधले साडेसहा तास कुठे गेले?

बायकोने नवऱ्याच्या युनिटला फोन केला. युनिटने रुग्णालयाचा कागद मागितला. रुग्णालयाने पाठवलेल्या समरीत ‘तब्येत चिंताजनक, पुढील उपचारासाठी हलवणे आवश्यक’ एवढेच होते. रक्त गोठण्याचा आयएनआर हा आकडा (जितका जास्त, तितके रक्त गोठायला उशीर) किती, शुद्ध कुठल्या पायरीवर आहे, रक्तदाबासाठी कुठले औषध किती वेगाने चालू आहे, व्हेंटिलेटरवर प्राणवायू किती टक्के, यातले काहीच नव्हते. अशा कागदावर कुणीही विमान सोडत नाही, आणि सोडूही नये. तो कागद परत आला, दुसरा गेला, तोही अपुरा. प्रत्येक फेरीत भाऊ खाली टपरीवर मोबाइलमधून फोटो काढून पाठवत होता.

रजेवरचा जवान आजारी पडला की युनिटबरोबरच जवळच्या सैनिकी रुग्णालयाला ताबडतोब कळवायचे असते. ठाण्यासाठी ते म्हणजे कुलाब्याचे नौदलाचे आयएनएचएस अश्विनी. हे घरच्यांना माहीत नव्हते आणि रुग्णालयाच्या स्वागतकक्षालाही नव्हते. शहरात हवाई दल आहे, येऊरच्या डोंगरावर आहे, कोलशेतला आहे, त्यामुळे नातेवाइकांपैकी दोघे थेट कोलशेतच्या गेटवर जाऊन उभे राहिले. तिथे धावपट्टी नाही, हे त्यांना कोण सांगणार?

दुसरीकडे ओळखीचे फोन सुरू झाले. कुणाचा नगरसेवक, कुणाचा मंत्रालयातला साहेब, कुणाचा निवृत्त कर्नल. सगळे तळमळीने करत होते, यात शंका नाही. पण आयसीयूच्या ज्या एका डॉक्टरकडे खरी माहिती होती त्याचा फोन सतत व्यग्र राहिला. युनिटच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याला तीनदा लावला आणि तिन्ही वेळा लागला नाही. माझे स्पष्ट मत आहे की अशा वेळी वशिल्याचा फोन मदत करत नाही, रस्ता अडवतो.

मी पोचल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे फोन वेगळे केले. नातेवाइकांसाठी एक नंबर, तो रुग्णालयाच्या समाजसेविकेकडे. डॉक्टरसाठी दुसरा, जो फक्त सैनिकी डॉक्टरांना दिला. मग दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावले. अकरा मिनिटांच्या त्या एका बोलण्यात दुपारभराचे कागद निकाली निघाले. जवानाचे नाव डीआयएल, म्हणजे जिवाला धोका असलेल्या रुग्णांच्या यादीत गेले. त्यामुळे घरच्यांना अधिकृतपणे कळवण्याची आणि त्यांच्या प्रवासाची जबाबदारीही यंत्रणेवर आली. रात्री दहाला निरोप आला : हवाई दलाचे विमान, सकाळी सातला मुंबईहून.

विमानात काय बदलते

पुढचे समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र सांगावे लागेल. विमानाच्या आतला दाब जमिनीइतका नसतो. साधारणपणे तो ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. ८,००० फुटांवर हवेचा दाब ७६० वरून सुमारे ५६५ मिलिमीटरवर येतो. याचे दोन परिणाम. एक, प्राणवायू विरळ होतो. जमिनीवर ज्याला ४० टक्के प्राणवायू पुरतो त्याला तिथे सुमारे ५४ टक्के द्यावा लागतो. दोन, शरीरात कुठेही कोंडलेली हवा तिसऱ्या हिश्श्याने फुगते. आतड्यातली फुगते, म्हणून नाकातून पोटात घातलेली नळी उघडी ठेवायची. घशातल्या नळीभोवतीचा फुगा फुगतो आणि श्वासनलिकेच्या अस्तरावर दाबतो, म्हणून त्याचा दाब मोजून २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दरम्यान राखायचा, वर जाताना आणि खाली येतानाही. आणि फुफ्फुसाबाहेर छातीत जरा जरी हवा साठली असेल तरी तीही फुगते. व्हेंटिलेटरवरच्या माणसात ती मिनिटांत जीव घेऊ शकते.

त्यात मालवाहू विमानात आवाज इतका की स्टेथोस्कोप कानाला लावून उपयोग नाही. उजेड कमी, थंडी जास्त, सतत कंप. छातीत हवा भरली आहे हे जमिनीवर जे हाताकानांनी कळते ते वर कळत नाही. म्हणून हवाई स्थलांतरात जे शोधायचे ते उड्डाणापूर्वी शोधायचे.

जगभरच्या सैन्यांनी हे किंमत मोजून शिकून घेतले आहे. पूर्वी रुग्ण पुरता स्थिर झाल्याशिवाय त्याला विमानात घेत नसत. १९९० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने अतिदक्षतेचा डॉक्टर, आयसीयूची परिचारिका आणि श्वसनतंत्रज्ञ असे तिघांचे छोटे पथक घडवले, जे आयसीयूच विमानात मांडते. त्यामुळे अस्थिर रुग्णही हलवता येऊ लागले. आपल्याकडे सियाचिनसारख्या ठिकाणी चेतक-चीता हेलिकॉप्टरांनी वर्षानुवर्षे जवान उतरवले आहेत. २०२० मध्ये कोविडच्या काळात आपल्या हवाई दलाने संसर्गजन्य रुग्णाला अलग ठेवून नेण्यासाठी ‘अर्पित’ नावाची पेटी स्वतः तयार केली. विमान, कौशल्य, हिंमत यांत आपण कमी नाही. कमी पडतो ते विमानाच्या दाराअलीकडे.

रात्री साडेतीनची फिल्म

ठरलेली पद्धत अशी होती : ठाण्याच्या रुग्णालयाची ॲम्ब्युलन्स रुग्णाला विमानतळावर नेईल, हवाई दलाचे पथक विमानाजवळ त्याचा ताबा घेईल. बहुतेक वेळा असेच होते. रात्री अकराला पथकातल्या स्क्वाड्रन लीडर हुद्द्याच्या डॉक्टरांचा मला फोन आला. विमान मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरणार होते. त्यांनी विचारले, “मॅडम, मी त्याला खाटेवरच पाहिले तर रुग्णालयाची हरकत नाही ना?”

या एका प्रश्नाने प्रकरणाचा निकाल लावला, असे मी आजही म्हणते.

पथक साडेतीनला आयसीयूत आले. एक डॉक्टर, एक परिचारिका अधिकारी, एक नर्सिंग असिस्टंट. तिघांनी आधी काहीही न बोलता रुग्णाभोवती फेरी मारली. चार सिरिंज पंप, प्रत्येकावरच्या पट्टीवर औषधाचे नाव आणि वेग. परिचारिकेने चारही पट्ट्या तपासल्या, एक पुसट झाली होती ती नव्याने लिहिली. मग डॉक्टरांनी मानेतल्या सेंट्रल लाइनकडे, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीकडे बोट केले. “ही कधीची?” रात्री दीडची. “नंतरचा एक्स-रे?” काढला होता, दोन वाजता. पाहिला कुणी? रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला वाटले रेडिओलॉजीने पाहिला, रेडिओलॉजीला वाटले आयसीयूने पाहिला. फिल्म संगणकात पडून होती.

ती उघडली. उजव्या फुफ्फुसाच्या टोकाशी हवेची बोटभर रुंद पट्टी. लाइन घालताना सुई फुफ्फुसाच्या आवरणाला लागली होती.

ताबा विमानाजवळ घेतला असता तर ही फिल्म कुणी उघडली नसती. ८,००० फुटांवर, व्हेंटिलेटरच्या दाबाखाली, त्या गोंगाटात ती हवा वाढली असती.

आता पेच पुढचा होता. छातीत नळी घालून हवा काढायला हवी, याबद्दल दुमत नव्हते. पण आयएनआर सहाच्या वर गेला होता, सुरी लावली की रक्त थांबणार नाही. रक्तस्राव रोखायला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला गोठवणारे घटक असलेला द्रव द्यावा, तर आयएनआर उतरलेला दिसेल. आणि प्रत्यारोपण करायचे की थांबायचे, हे दिल्लीचे डॉक्टर ज्या खुणांवरून ठरवणार होते त्यांत हाच आकडा मुख्य होता. प्लाझ्मा दिला की तो आकडा यकृताचा राहत नाही, पिशवीतल्या प्लाझ्माचा होतो. विमान कमी उंचीवर नेऊन आतला दाब जमिनीइतका ठेवण्याचा पर्यायही निघाला. त्यात इंधन आणि वेळ दोन्ही वाढतात, वाटेतल्या ढगांतून जावे लागते. शिवाय व्हेंटिलेटरचा दाब तर चालूच राहणार होता.

दिल्लीला फोन झाला. ठरले ते असे : आधी रक्ताचा नमुना घ्यायचा, त्यावर वेळ लिहायची, त्यातला आयएनआर खरा आकडा मानायचा. तो ६.१ आला. मग प्लाझ्मा. मग सोनोग्राफीच्या नजरेखाली मोठ्या नळीऐवजी बारीक पिगटेल नळी. तिला पाण्याची बाटली न जोडता एकाच दिशेने हवा सोडणारी झडप लावायची, कारण बाटली स्ट्रेचरवर कलंडते. पावणेपाचला नळी बसली. पुन्हा फिल्म काढली. फुफ्फुस उघडले होते, रक्त चमचाभरही आले नाही.

सिलिंडर, गोधडी आणि शिधापत्रिका

इतके नाट्यमय नसलेले, पण तितकेच जीवघेणे ठरू शकणारे काही तपशील आहेत.

प्राणवायूचा हिशेब रुग्णालयाने उड्डाणाच्या वेळेवर केला होता. सव्वादोन तासांचे उड्डाण, दोन बी-टाइप सिलिंडर, म्हणजे ३,००० लिटर, भरपूर. पण रुग्ण विमानात असतानाच श्वास घेतो असे नाही. ठाण्याच्या खाटेवरून उचलल्यापासून दिल्लीच्या खाटेवर ठेवेपर्यंत त्याला प्राणवायू लागतो. आम्ही तो काळ पाच तास धरला. मिनिटाला १० लिटर धरले तर ३०० मिनिटांना ३,००० लिटर, म्हणजे शिलकीत शून्य. तिसरा सिलिंडर घेतला. प्रत्यक्षात सगळा प्रवास ३५० मिनिटांचा झाला. दोनच असते तर शेवटची पन्नास मिनिटे विमानातल्या आणि दिल्लीच्या ॲम्ब्युलन्समधल्या साठ्यावर भिस्त ठेवावी लागली असती. तिसऱ्या सिलिंडरच्या रेग्युलेटरचा जोड पथकाच्या व्हेंटिलेटरला बसतो का, हेही खाटेजवळच लावून पाहिले. पहिला बसला नाही, दुसरा आणावा लागला.

धाकटा भाऊ, अंबरनाथच्या कारखान्यात कामाला, यकृताचा भाग द्यायला तयार होता. रक्तगट जुळत होता. म्हणजे दिल्लीला एक नव्हे, दोन माणसे न्यायची होती : रुग्ण आणि संभाव्य दाता. हे रात्री दहापर्यंत कुणाच्या डोक्यातच आले नव्हते, सगळे बायकोच्या जाण्याची तयारी करत होते. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा आहे. त्याप्रमाणे जवळच्या नात्यातल्या दात्याला ते नाते कागदाने सिद्ध करावे लागते. भावाचे आधार कार्ड खिशात होते, पण दोघांची नावे एकत्र असलेली जुनी शिधापत्रिका आणि शाळेचे दाखले गावच्या घरी. चुलतभाऊ रात्री मोटारसायकलवर मुरबाडहून कल्याणमार्गे ते घेऊन आला. विमानात सोबत्याची जागा एकच होती. बायकोला हे सांगणे अवघड गेले. तिने ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, “त्यांच्याजवळ घरचं कुणीतरी असू दे, म्हणजे झालं.” तिच्यासाठी दुपारच्या नागरी विमानाचे तिकीट काढले.

आईने दारात मला थांबवले. “बाई, वर लई गार असंल. ही गोधडी देऊ का?” मी पथकाच्या परिचारिकेकडे पाहिले. तिने ती घेतली आणि चंदेरी फॉइलच्या चादरीवर अंथरली. शरीर गार पडले की रक्त आणखी गोठेनासे होते, त्यामुळे गोधडीची गरज होतीच.

रस्त्याबद्दल थोडक्यात. आदल्या संध्याकाळी गौरी-गणपतीचे विसर्जन होते, मासुंदा तलाव आणि उपवनच्या बाजूचे रस्ते रात्री उशिरापर्यंत वळवलेले. पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा मोकळे होते. ठाणे पोलिसांनी माजिवड्यापासून वाट दिली. मुलुंडला हद्द बदलते आणि मुंबईच्या नियंत्रण कक्षाला निरोपच गेला नव्हता. तिथून पुढे पूर्व द्रुतगती महामार्ग, मग सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने कालिन्याच्या बाजूचे दार, हे सगळे आमच्याच सायरनच्या भरवशावर. मेंदूला सूज असलेल्या रुग्णाला धक्के सोसत नाहीत, म्हणून डोके तीस अंश उंच आणि गाडी एकसारख्या बेताच्या वेगाने. चालक तरुण होता, त्याला हे दोनदा सांगावे लागले. सुसाट नेण्यात शौर्य आहे, हा गैरसमज आपल्याकडे फार पक्का आहे.

विमानाजवळ फक्त सात मिनिटे गेली. पंप, मॉनिटर, व्हेंटिलेटर सगळे खाटेजवळच पथकाच्या यंत्रांवर बदललेले होते. स्ट्रेचर चढवले, पट्टे आवळले, सिलिंडर बांधले. उघड्या धावपट्टीवर पहाटेच्या पावसात नळ्या बदलण्याची वेळ आली नाही.

दिल्ली, आणि एक प्रश्न

वाटेत दोनदा साखर घसरली, दर तासाला तपासत असल्यामुळे लगेच सापडली. बाकी उड्डाण सुरळीत झाले. भावाच्या तपासण्या त्याच दिवशी सुरू झाल्या. दोन दिवसांत आयएनआर आपसूक उतरू लागला. तिसऱ्या दिवशी जवानाने हाक ऐकून डोळे उघडले. प्रत्यारोपण करावे लागले नाही.

ठाण्यातल्या रुग्णालयाने महिन्याभराने आढावा बैठक घेतली, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. तिथे एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारले, “बरा होणारच होता, मग एवढा खटाटोप कशाला?” मला हा प्रश्न अन्यायाचा वाटला आणि मी तसे सांगितले. हिपॅटायटिस ए मध्ये काही यकृते स्वतःहून सावरतात, काही सावरत नाहीत, आणि रविवारी रात्री कुठले कुठल्या बाजूला जाणार हे कुणाला ठाऊक नव्हते. थांबायचा निर्णयही तिथेच घेता येतो जिथे गरज पडली तर दोन तासांत शस्त्रक्रिया सुरू करता येते. ठाण्यात थांबणे आणि दिल्लीत थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बैठकीनंतर रुग्णालयाने पद्धत बदलली. हवाई स्थलांतर ठरले की त्या क्षणापासून एकच माणूस जबाबदार, त्याची पाळी संपली तरी रुग्ण पलीकडच्या खाटेवर पोचेपर्यंत. पहिला संपर्क डॉक्टरचा डॉक्टरशी, कागद त्यानंतर. सेंट्रल लाइन सोनोग्राफीशिवाय घालायची नाही, आणि नंतरची फिल्म पाहणाऱ्याने वेळेसह सही करायची. ताबा खाटेजवळ. पथकाला यायला वेळ नसेल तर किमान व्हिडिओवर रुग्ण, पंप आणि ताजी फिल्म दाखवायची. प्राणवायू खाटेपासून खाटेपर्यंत, वर निम्मा शिलकीत. स्वागतकक्षात आता कुलाब्याच्या रुग्णालयाचा नंबर लावलेला आहे, आणि रुग्ण सैन्यात आहे का, हा प्रश्न रुग्ण दाखल करण्याच्या अर्जावर आला आहे.

या सगळ्यासाठी एक पानाचा तक्ता केला. त्यात प्रत्येक कामापुढे जबाबदार व्यक्तीचा हुद्दा आहे. एक ओळ अजून कोरी आहे : हद्द ओलांडल्यावर पुढच्या पोलीस नियंत्रण कक्षाला कोण कळवणार. रुग्णालय म्हणते पोलिसांनी परस्पर कळवावे, पोलिसांचे म्हणणे की लेखी विनंती रुग्णालयाकडून दोन्हीकडे यावी. नवी मुंबईचा विमानतळही आता झाला आहे. उद्या ऐरोली किंवा वाशीमार्गे तिथे रुग्ण न्यायचा झाला तर तिसरे आयुक्तालय यात येईल. मी विनंतीचा एकच मसुदा तिन्ही कक्षांसाठी करून दिला आहे आणि त्यावर तिघांच्या सह्या मिळवण्याच्या मागे आहे.